नर्सिंगला कर्ज काढताय? सही करण्याआधी हप्ता मोजा

माझ्या शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता ५ सप्टेंबर २०१९ ला कापला गेला. नाइट संपवून डेक्कनच्या बसस्टॉपवर उभी होते. मोबाइल वाजला, खात्यातून ७,१३६ रुपये वजा. आदल्या दिवशी जमा झालेला पगार होता १६,४००. रूमचं भाडं आणि मेसचे पैसे अजून द्यायचे होते.

२०१४ मध्ये बार्शीहून पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगला आले तेव्हा चार लाखांचं कर्ज काढलं. हप्ता किती बसेल हा प्रश्न घरात कुणीच विचारला नाही, मीही नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, "नोकरी लागते ना गं?" लागते. नर्सिंगला नोकरी लागतेच. पण पहिल्या दोन वर्षांत ती किती देते, हे कर्ज घेतानाच बघायला हवं होतं. मागच्या जूनमध्ये मावशीची मुलगी प्रवेशासाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी वहीत सगळा हिशोब मांडला. तोच इथे क्रमाने देते.

१. आधी कोर्स ठरवा, कॉलेज नंतर

बारावीनंतर रस्ते तीन. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं आणि राज्याच्या सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी द्यावी लागते. जी.एन.एम. कला-वाणिज्यवाल्यांनाही करता येतं. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की त्यांनाही डिग्री मिळते.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. घरची परिस्थिती बेताची असेल आणि कमी फीच्या बी.एस्सी.ला नंबर लागत नसेल, तर मोठं कर्ज काढून बी.एस्सी. करण्यापेक्षा जी.एन.एम. करून एक वर्ष आधी कमवायला लागणं शहाणपणाचं. खासगी हॉस्पिटलच्या वॉर्डात दोघींना ड्युटी तीच, पेशंट तेच. मी काम केलेल्या दोन्ही ठिकाणी पगारातला फरक दीड-दोन हजारांच्या वर नव्हता. डिग्रीचा उपयोग होतो तो शिकवायला, मिलिटरीला, परदेशी आणि एम्सच्या परीक्षेला. त्यातही एम्सची नॉरसेट परीक्षा जी.एन.एम.वाल्यांना बंद नाही. किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव असला की बसता येतं.

मुलींसाठी आणखी एक रस्ता पुण्यातच आहे आणि तो कर्जाशिवायचा आहे, तो म्हणजे वानवडीच्या एएफएमसीमधलं नर्सिंग कॉलेज. प्रवेश नीटच्या गुणांवर, अविवाहित मुलींना. शिक्षण, राहणं, जेवण सरकारकडून, आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून सेवेचा करार. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलींना हे बारावी झाल्यावर कळलं, म्हणजे फॉर्म भरायची तारीख गेल्यावर.

२. कॉलेजची मान्यता स्वतः तपासा

बी.एस्सी.साठी कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न किंवा अभिमत विद्यापीठाचं असायला हवं. जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. दोन्हींसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता बघा, कारण पास झाल्यावर नोंदणी तिथेच करायची आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतही नाव शोधा. परदेशी अर्ज करताना ते विचारतात, आणि नर्सिंगला कर्ज देताना बँकाही हीच मान्यता बघतात.

मंजूर जागा किती, तेही बघा. जागा कमी आणि प्रवेश जास्त असतील तर वरच्या मुलींचं काय होणार, ते कुणी सांगत नाही.

३. चार वर्षांचा खरा खर्च काढा

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तो उतरवून घ्या आणि मगच कॉलेजात जा. काउंटरवर वेगळा आकडा सांगितला तर विचारता येतं. अभिमत विद्यापीठांची फी मात्र या प्राधिकरणाच्या कक्षेत नाही, त्यामुळे तिथली चार वर्षांची फी लेखी मागा. दरवर्षी वाढणार का, हेही त्यातच लिहून घ्या.

फी हा निम्माच खर्च. युनिफॉर्मचे दोन-तीन जोड, पांढरे बूट, जर्नलं, प्रोसिजर बुक, केस बुक, विद्यापीठाची परीक्षा फी, पोस्टिंगला जायचा बसखर्च. आमची पोस्टिंग कधी कमला नेहरूला, कधी येरवड्याच्या मनोरुग्णालयात, कधी ग्रामीण भागात महिनाभर. प्रत्येक वेळी पीएमपीचा पास, वरचं खाणं, झेरॉक्स. मी पहिल्या वर्षी फक्त झेरॉक्स आणि जर्नलचा हिशोब ठेवला होता, तो ६,००० च्या पुढे गेल्यावर ठेवणं सोडलं. होस्टेल सक्तीचं आहे का आणि मेस वर्षाचे किती महिने धरतात, एवढे दोन प्रश्न आवर्जून विचारा. सुटीतल्या महिन्यांचेही पैसे घेणारी कॉलेजं आहेत.

४. कर्जाआधी माफी आणि शिष्यवृत्ती

हा टप्पा मुली उलटा करतात. आधी कर्ज, मग शिष्यवृत्ती. तसं करू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अट ही की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. माझ्या वेळी ही सोय असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी फी मिळते. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. बाहेरगावच्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघावा. अर्ज सगळे राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. आधारला बँक खातं जोडलेलं नसेल तर मंजूर पैसे अडकतात, म्हणून ते काम बारावीच्या सुटीतच उरका.

कॅपमधून लांबच्या साध्या कॉलेजला नंबर लागलाय आणि मॅनेजमेंट कोट्यातून घराजवळचं चकाचक कॉलेज मिळतंय, अशी वेळ बऱ्याच जणींवर येते. मावशीच्या मुलीवरही आली. दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावर ती काही न बोलता कॅपचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवून मोकळी झाली.

५. पगार धरताना स्वप्नातला धरू नका

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९००. हे आकडे खरे आहेत आणि कॉलेजच्या जाहिरातीत हेच असतात. पण भरती कधी निघेल आणि नंबर कधी लागेल, हे तुमच्या हातात नाही. बँकेचा हप्ता मात्र तारखेला येतो.

म्हणून हिशोबात पगार धरायचा तो पुण्यातल्या खासगी हॉस्पिटलचा, नव्या मुलीचा, हातात पडणारा. कसा कळेल? कॉलेजला विचारू नका, दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तीन सीनियर शोधा. विचारा: सीटीसी, म्हणजे कागदावरचा एकूण पगार नको, खात्यात किती जमा होतात? पीएफचे १२ टक्के जातात, पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे पाऊण टक्का, काही ठिकाणी होस्टेल आणि जेवणाचे परस्पर कापतात. व्यवसाय कर मुलांचा कापला जातो. २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना महाराष्ट्रात तो नाही, तरी कापलेला मी पाहिलाय. स्लिप बघत जा.

हॉस्पिटल किती खाटांचं, हेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० पेक्षा कमी देऊ नये आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्यावा. आपल्याकडे ती शिफारसच राहिली. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी हा विषय काढला तर एचआरच्या बाईंनी माझा बायोडेटा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला आणि माझ्याकडे सरकवला, १५,०००. म्हणाल्या, "सिस्टर, बाहेर अजून अकरा जणी बसल्यात."

६. आता हप्ता मोजा

पहिल्या वर्षाला तुम्हाला शिकवतील: ५०० मिलीची सलाइन आठ तासांत द्यायची तर मिनिटाला २१ थेंब. मोजल्याशिवाय कुणी सोडत नाही. कर्जाचंही तसंच मोजता येतं, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

दरवर्षी १ लाख असं चार वर्षांत ४ लाखांचं कर्ज घेतलंत, व्याज सोयीसाठी १० टक्के धरू. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी तुमचं कर्ज ४ लाख नसतं, ५ लाख ४० हजार असतं. मला हे बँकेचं पत्र आल्यावर समजलं. मी ते पत्र चूक आहे म्हणून भांडायला गेले होते.

या ५.४० लाखांवर हप्ता असा बसतो:

- ७ वर्षांत फेडायचं तर महिना ८,९६५, एकूण साधारण ७.५३ लाख
- १० वर्षांत ७,१३६, एकूण साधारण ८.५६ लाख
- १५ वर्षांत ५,८०३, एकूण साधारण १०.४४ लाख

पंधरा वर्षांचा हप्ता हलका दिसतो म्हणून बँकवाला तोच सुचवतो. चार लाखांचे साडेदहा होतात, ते तो सांगत नाही. तुमचं कर्ज वेगळं असेल तर सोपा मार्ग: हप्ता सुरू होताना जेवढी रक्कम असेल, त्यातल्या दर लाखाला १० वर्षांसाठी महिना १,३२२ रुपये धरा.

आता उलट्या बाजूने या. माझ्या मते नव्या नर्सला हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर हप्ता झेपत नाही, कारण पुण्यात कॉटबेसिस रूम, मेस आणि घरी पाठवायचे पैसे काढल्यावर तेवढंच उरतं. हातात १८,००० येणार असतील तर हप्ता ४,५००. एवढ्या हप्त्यात हप्त्याच्या सुरुवातीची ३.४० लाखांची रक्कम बसते, म्हणजे मूळ कर्ज साधारण अडीच लाखांचं. यावर जे लागेल ते कमी फीच्या कॉलेजातून, माफीतून किंवा घरच्या पैशातून यायला हवं. दरवर्षी २ लाख घेणाऱ्या मुलीचा दहा वर्षांचा हप्ता १४,२७२ होतो. १८,००० मधून तो दिल्यावर तिने काय खायचं?

एक उपाय माझ्या मैत्रिणीने केला, मी केला नाही. तिचे वडील शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहिले, पहिल्या वर्षी महिना ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, मग २,५०० आणि ३,३३३, नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः ३,३३३. तिचंही कर्ज ४ लाखांचंच, पण हप्ता ५,२८६ चा बसला. शिवाय शिकताना व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात. पूर्ण व्याज झेपत नसेल तर निम्मं भरा.

७. बँकेत काय बोलायचं

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. आमच्याकडून मात्र आप्पांची एलआयसी पॉलिसी ठेवून घेतली. आम्हाला नियम माहीत नव्हता आणि मॅनेजरसाहेबांनी "सगळेच देतात" म्हटल्यावर आप्पा गप्प बसले. त्याच्या वर साडेसात लाखांपर्यंतही घरदार गहाण लागत नाही, पाच टक्के वाटा तेवढा घालावा लागतो. साडेसातच्या पुढे बहुतेक वेळा तारण आलंच.

व्याज अनुदानाचं तोंडी विचारून सोडू नका. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या योजनेत शिक्षणकाळ आणि वरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं, म्हणजे वरच्या उदाहरणातले १ लाख ४० हजार वाचू शकतात. त्याला कॉलेजबद्दलच्या अटी आहेत, त्या आधी बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक संस्थांनाच (सुरुवातीला सुमारे ८६०) लागू आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का ते पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघा.

'कलम ८०-ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कर वाचतो' असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला. आपला पगार कराच्या हद्दीत पोहोचेपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि ती वजावट जुन्या करपद्धतीतच आहे.

८. कागद

दोन संच झेरॉक्स करून ठेवा, मूळ प्रती एका फोल्डरमध्ये.

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं गुणपत्रक, कॅपचं जागावाटप पत्र
- कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षनिहाय फीचं पत्र, होस्टेल वेगळं दाखवलेलं
- तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, अधिवास, लागू असेल तसं जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रीमिलेअर
- तुमचं आणि सहकर्जदार पालकांचं आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- पालकांची पगार स्लिप किंवा आयकर विवरण; शेती असेल तर सातबारा
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

उत्पन्न दाखल्याला जून-जुलैत गर्दी असते. तो मेमध्येच काढा. वडिलांचा सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीची नोंद, हीही आधीच तपासा. आप्पांचं एक जुनं दुचाकीचं कर्ज कागदोपत्री बंद झालेलं नव्हतं, त्यात आमचे तीन आठवडे गेले.

९. सापळे

विमा: मंजुरीच्या दिवशी टेबलावर एक जास्तीचा फॉर्म येतो. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जातो आणि त्यावरही व्याज चढतं. विमा हवा असेल तर घ्या, पण तो सक्तीचा नाही. "लेखी द्या, सक्तीचा आहे म्हणून" असं म्हटलं की फॉर्म बहुतेक परत ड्रॉवरमध्ये जातो.

बॉन्ड: काही संस्था त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये एक-दोन वर्षं कमी पगारावर काम करण्याची अट घालून मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. प्रवेशाच्या कागदांतली बारीक अक्षरं वाचा. मूळ कागद पडताळणी करून परत घ्यायचे असतात, ठेवून यायचे नसतात.

परदेश: जर्मनीला नर्स हव्या आहेत हे खरं, पण बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं आणि त्यासाठी पुण्यातल्या क्लासमध्ये पहाटे-संध्याकाळी जाऊन रडकुंडीला आलेल्या मुली माझ्या रूमवर राहून गेल्यात. त्या पगाराच्या भरवशावर आज कर्ज वाढवू नका. आखाती देशात जायचं तर एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. दोन लाख मागणारा मुलींना फसवतोय.

हप्ता थांबवणं: २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली. कोविड वॉर्डात डोकं वर काढायला वेळ नव्हता, मी हो म्हटलं. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही, कर्ज सव्वीस हजारांच्या आसपास वाढलं. पुन्हा अशी सवलत आली तर अगदीच नड असल्याशिवाय घेऊ नका.

१०. फेडताना आणि फेडल्यावर

बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो. दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइमचे पैसे, जे हातात येईल ते थेट कर्ज खात्यात भरा आणि बँकेला लेखी कळवा की मुदत कमी करा, हप्ता नको. मी असं करून २०२४ मध्ये मोकळी झाले.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. नो ड्यूज प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्या, दोन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं बंद दाखवतंय का बघा, आणि काही कागद ठेवले असतील तर ते परत मागा. त्यासाठी कर्ज घेतानाच ठेवलेल्या कागदांची पोच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. आमच्याकडे ती नव्हती. मी दोन दिवस सुटी काढून बार्शीला गेले, तर ब्रँचमध्ये आधीचे साहेब बदलून गेलेले आणि पॉलिसी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भलत्याच कर्जदाराच्या फाइलमध्ये सापडली, टाचणीचा गंज आप्पांच्या नावावर उमटलेला.